‘मड टॅक्समध्ये रस्ते कुठून आले?’ या दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की टेक्सासात घर घेताना आमच्याकडून ‘मड टॅक्स हळूहळू उतरतो’ (मड म्हणजे MUD, म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्ट; ही स्थानिक संस्था घरांवर लावते तो कर) असं कळलं, दुसऱ्याच वर्षी रस्त्यांच्या नावाखाली करपात्र मूल्याच्या शंभर डॉलरमागे 20 सेंट वाढले, हप्ता फुगला, आणि यावर तुम्ही कधी मत दिलंच नव्हतं.

पहिल्या मुद्द्यात चूक आमची आहे. आमच्या तक्त्यात चालू दर होता; मतदारांनी मंजूर केलेले पण अजून न काढलेले बाँड (या करातून फेडायचे कर्जरोखे) किती, हा रकाना नव्हता. दर उतरणार की चढणार, हे बरंचसं तिथेच कळतं.

टेक्सासात म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टचं मूळ काम पाणी, सांडपाणी आणि पावसाचा निचरा. त्याला आधार राज्यघटनेच्या 16व्या अनुच्छेदातल्या कलम 59चा. रस्ते त्यात बसत नाहीत. त्यांचा अधिकार वेगळा घ्यावा लागतो, विधिमंडळाच्या खास कायद्याने किंवा राज्याच्या पर्यावरण आयोगाकडे अर्ज करून, आणि तिथे अनुच्छेद 3चं कलम 52 लागू होतं. म्हणजे मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश लोकांची मंजुरी हवी, आणि बाँड काढताना रस्त्यांचं एकूण न फिटलेलं कर्ज डिस्ट्रिक्टमधल्या स्थावर मालमत्तेच्या मूल्यांकनाच्या पाव हिश्श्यावर जाता कामा नये. मूल्यांकन 20 कोटी डॉलर असेल तर मर्यादा 5 कोटी.

मेख इथेच आहे. घरं उठतात तसं मूल्यांकन वाढतं, त्याबरोबर मर्यादाही वर सरकते. डेव्हलपरने रस्ते आधी स्वतःच्या पैशाने बांधलेले असतात आणि परतफेड बाँडमधून व्हायची असते, त्यामुळे मर्यादेत जागा झाली की पुढचा बाँड येतो. शिवाय पाणी-सांडपाण्याचे बाँड काढण्याआधी आयोग प्रकल्प तपासतो. रस्त्यांच्या बाँडला ती पायरी नाही, ॲटर्नी जनरलची (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याची) कायदेशीर तपासणी तेवढी होते. म्हणून ते लवकर येतात.

मताचं म्हणाल, तर ही निवडणूक बहुतेक वेळा जमीन मोकळी असतानाच, तिथे राहणाऱ्या मोजक्या मतदारांवर उरकलेली असते. कायद्यात बसतं, न्याय्य आहे असं आम्हाला म्हणवत नाही.

हप्त्याचा हिशेब मात्र वेगळा करा. 4,00,000 डॉलरच्या करपात्र मूल्यावर 20 सेंट म्हणजे वर्षाला 800, महिन्याला साधारण 67 डॉलर. तुमची वाढ याच्या कितीतरी पट आहे. नव्या घरात हे नेहमीचंच: ज्या दिवसाच्या स्थितीवर मूल्य ठरतं त्या 1 जानेवारीला घर अपुरं होतं, म्हणून पहिलं बिल जवळपास नुसत्या जमिनीवर आलं आणि एस्क्रो (कर भरण्यासाठी बँक हप्त्यातून बाजूला काढते ती रक्कम) त्यावर बेतला गेला. आता मागची तूट आणि पुढचं पूर्ण बिल, दोन्ही एकाच 12 महिन्यांत वसूल होतायत. तूट फिटली की तो भाग कमी होईल. बँकेकडून एस्क्रो ॲनालिसिसचा कागद मागवा, त्यात ‘शॉर्टेज’ वेगळं दाखवलेलं असतं.

मडचं बिल बरेचदा काउंटीपेक्षा वेगळ्या कलेक्टरकडून येतं. बँकेने दोन्ही भरलीत ना, ते जानेवारीतच पाहा. 31 जानेवारी उलटली की 1 फेब्रुवारीला दंड आणि व्याज मिळून 7 टक्के चढतात. मूल्यांकनावरची हरकत साधारण 15 मेपर्यंत. तिथे दरावर वाद घालून उपयोग नाही, तो डिस्ट्रिक्टचं मंडळ शरद ऋतूतल्या सुनावणीत ठरवतं. आपल्यातले पुष्कळ जण अजून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असल्याने मत देऊ शकत नाहीत, पण सभेत बसायला अडकाठी नाही. सभा दूर वकिलाच्या ऑफिसात भरत असेल तर डिस्ट्रिक्टमध्ये किमान 50 मतदार राहत असताना त्यांतल्या पाच जणांनी लेखी मागणी केली की ती डिस्ट्रिक्टच्या हद्दीत घ्यावी लागते. योग्य जागा नसेल तरच बाहेर.

विक्रेत्याने दिलेली ‘नोटीस टू पर्चेसर’ (खरेदीदारासाठीची डिस्ट्रिक्टबद्दलची सूचना) घेऊन या. मंजूर रक्कम आणि काढलेली रक्कम त्यात आहे. वजाबाकी करून किती बाकी आहे ते सोबत बसून पाहू, फी न घेता. तक्त्यात तो रकाना आम्ही या आठवड्यात घातलाय.