पातळ सेन्सर ‘खरा दाब’ सांगतो?

डिझाइनवाल्यांमध्ये एक दावा जोरात फिरतो: ‘दोन पृष्ठभागांमध्ये कागदासारखा पातळ सेन्सर सरकवा, खरा दाब कळतो. त्याच्या नोंदींवरून बनणाऱ्या दाबाच्या रंगीत नकाशात लाल दिसेल तिथे डिझाइन चुकलं. मग वापरणाऱ्यांना विचारत बसायला नको.’ हे सेन्सर मला मोलाचे वाटतात, म्हणूनच त्यांच्या नावावर खपणारी ही विधानं तपासायला हवीत.

‘पातळ आहे, त्यामुळे मध्ये असून नसल्यासारखा.’ सपाट, कडक पृष्ठभागांत हे बऱ्यापैकी खरं. पण पॉलिएस्टरची फिल्म एका दिशेला सहज वाकते, दोन्ही दिशांना एकदम नाही. हत्याराच्या गोलाकार मुठीवर ती सुरकुतते आणि सुरकुतीपाशी नसलेला दाब दाखवते. मऊ फोमवर ती झोळीसारखी ताणली जाते. मग फोम एरवी खचला असता तितका खचत नाही.

‘आकडा म्हणजेच दाब.’ सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. प्रचलित प्रकारात दोन फिल्म्सच्या मध्ये विद्युतवाहक शाईचे थर असतात. दाबलं की विद्युतरोध कमी होतो. मोजला जातो तो रोध. दाबाचे किलोपास्कल येतात कॅलिब्रेशनमधून, म्हणजे माहीत असलेला भार ठेवून रोध आणि दाब जुळवण्यातून. शिवाय भार वाढवताना आणि उतरवताना एकाच भाराला वेगवेगळी नोंद मिळते, आणि भार स्थिर असला तरी आकडा हळूहळू सरकतो. खुर्चीत बसलेल्या माणसाची पहिल्या आणि दहाव्या मिनिटाची नोंद वेगळी आली, तर त्यातला काही फरक शरीराचा, काही फोमचा आणि काही निव्वळ सेन्सरचा. म्हणून कॅलिब्रेशन प्रत्यक्षासारख्याच पृष्ठभागावर, तेवढ्याच भाराखाली करावं, आणि प्रत्येक नमुन्याची नोंद बसल्यापासून तेवढ्याच वेळाने घ्यावी.

दुसरा घोळ क्षेत्रफळाचा. सेन्सरचा एक चौकोन 10 मिमी × 10 मिमी आहे आणि त्यावर 2 मिमी रुंद कड या टोकापासून त्या टोकापर्यंत 2 न्यूटनने टेकली आहे असं धरा. कडेखालचा दाब 100 किलोपास्कल. चौकोन दाखवणार 20, कारण तो सरासरी काढतो. हाताला रुतणारी कड नकाशात निरुपद्रवी दिसते ती अशी.

‘लाल म्हणजे चूक.’ रंगांची पट्टी कुणीतरी ठरवलेली असते. सॉफ्टवेअरने ती आपोआप जुळवली, तर उत्तम गादीवरही कुठेतरी लाल उमटतंच. दोन नमुने एकाच पट्टीवर पाहिले नाहीत तर तुलनाच होत नाही. आसनांच्या बाबतीत ‘32 मिमी पाऱ्याच्या वर दाब गेला की त्वचेला धोका’ असंही सांगतात. हा आकडा शरीरक्रियाशास्त्रज्ञ लँडिस यांनी 1930 मध्ये नखाच्या कडेच्या केशवाहिन्यांत मोजलेल्या रक्तदाबाचा. निरोगी माणूस साध्या खुर्चीत बसला तरी बैठकीच्या हाडांखाली तो ओलांडतो. त्याला इजा होत नाही, कारण तो अधूनमधून हलतो. आणि कमी दाब नेहमी चांगला असंही नाही: गॅस्केट (जोडातली गळती रोखणारा थर) आणि कॉम्प्रेशन मोजे (पाय आवळून धरणारे) दाबाशिवाय निकामी.

‘लोकांना विचारायला नको.’ हे सेन्सर बहुतेक वेळा पृष्ठभागाला लंब असलेला दाबच टिपतात. त्वचेला बाजूने ओढणारं बल, घाम, उष्णता यांची नोंद त्यात नसते. पाठ मागे रेलली की काही भार पाठटेकावर जातो आणि आसनाचा नकाशा निवळतो. त्याच वेळी माणूस पुढे घसरत असेल तर मांडीखालची त्वचा ओढली जात असते. ते त्याला विचारूनच कळेल, किंवा तो किती वेळा सावरून बसतो ते पाहून.