उत्तर: "सात हजार घेतले, पाच दिवस गाडी ठेवली आणि वास परत आला"

नमस्कार ताई,

आत पाणी शिरलेली गाडी तुम्ही आमच्याकडे सुकवायला दिलीत, आणि रिव्ह्यूत दोन स्टार देऊन चार तक्रारी लिहिल्यात. दोन दिवस सांगून गाडी पाच दिवस ठेवली, गरज नसताना सीटा काढल्या, एअरबॅगचा दिवा लागलेलीच गाडी हातात दिली, आणि दहा दिवसांत मागे डाव्या बाजूला पायाशी परत ओल येऊन कुबट वास सुटला. यातल्या तीन आमच्याच चुका आहेत. सीटांचं तेवढं मान्य करणार नाही.

शेजाऱ्यांनी त्यांची गाडी हेअर ड्रायरने एका दिवसात सुकवली म्हणता. काच उघडी राहून एखादी सर आत आली असेल तर सुकते. तुमच्या गाडीत वायपरखालच्या जाळीत गुलमोहराचा पाला आणि माती बसून निचऱ्याचं भोक बुजलं होतं. तुंबलेलं पाणी एसीच्या हवेच्या तोंडातून डॅशबोर्डखाली उतरत होतं, तेही किती दिवस कोण जाणे. कार्पेटच्या खाली दोन बोटं जाडीचा फेल्ट असतो, तो गादीसारखं पाणी धरून बसतो. त्यावर तुमच्याकडे लॅमिनेशनचं मॅटिंग, म्हणजे पातेल्यावर झाकण. वरून हात लावला तर सगळं कोरडं. आमच्या पोराने फेल्ट पिळला तेव्हा अर्धी बादली भरली, गढूळ चहासारखं पाणी. सीटा सोडवल्याशिवाय तो फेल्ट निघत नाही. वायरिंगही त्याच्याच खालून जातं. सॉकेटमध्ये ओल राहिली की पिना हिरव्या पडतात, आणि सहा महिन्यांनी पॉवर विंडो का बंद पडली ते कुणालाच उमगत नाही. उद्या दुसरी गाडी अशीच आली तरी मी सीटा काढणारच.

आता आमच्या चुका. आषाढात रत्नागिरीत दोरीवरची चादर दोन दिवसांत सुकत नाही, हे जन्मापासून ठाऊक असून मी 'दोन दिवस' बोलून गेलो. नुसता पंखा लावून भागत नाही, तो बाहेरचीच दमट हवा आत फिरवतो. म्हणून काचा बंद करून आत डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं मशीन, ठेवतो. पहिल्याच रात्री त्याची टाकी काठोकाठ भरली. पुढच्या दोन रात्री लाईट नव्हती, मशीन नुसतं बसून. लाईट माझ्या हातात नव्हती, फोन होता. तुम्ही रोज कुवारबावहून रिक्षाने ऑफिसला जात होतात हे मला तुमचा रिव्ह्यू वाचून कळलं.

एअरबॅगचा दिवा हा सरळ आमचा आळस. सीटखालचे एअरबॅगच्या वायरिंगचे सॉकेट सुटे असताना पोराने गाडी शेडबाहेर काढायला चावी फिरवली. गाडीने तो फॉल्ट नोंदवून ठेवला, आणि देण्याआधी स्कॅनर लावून तो पुसायचं राहून गेलं. सर्व्हिस सेंटरला तुम्ही भरलेले ९०० रुपये परत देतो, पावतीचा फोटो पाठवा.

आणि ओल. तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. या वेळी पुढचा भाग कोरडा दिसतोय, डाग आहे तो मागच्या डाव्या दाराच्या उंबऱ्यालगत. आमच्या वहीत गाडी घेताना तुम्ही सांगितलेलं लिहिलंय, 'मागचे स्पीकर नवीन'. आम्हीच लिहिलं आणि आम्हीच विसरलो. काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी जातंच, सगळ्याच गाड्यांत जातं, आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ते आत येऊ नये म्हणून डोअर पॅडच्या, म्हणजे दाराच्या आतल्या आवरणाच्या, मागे प्लॅस्टिकचा कागद काळ्या चिकट्याने लावलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाटतो किंवा परत नीट चिकटवला जात नाही. माझा संशय त्यावर आहे, पॅड काढल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही. आम्ही पाइपने पाणी मारून पाहिलं ते फक्त पुढच्या काचेवर. तिथे गळती सापडली म्हटल्यावर दारांवर मारलंच नाही. एक भोक बुजवून खूश झालो.

गाडी परत आणा. चारही दारांवर तुमच्यासमोर पाणी मारू, कागद नवीन लावू, फेल्ट परत सुकवू. याचे पैसे नाहीत. तीन दिवस धरून चला आणि लाईट गेली तर चार. रोज संध्याकाळी मी स्वतः फोन करीन.

तोवर मॅटिंगचं मागचं टोक उचलून खाली वर्तमानपत्र कोंबा आणि सकाळ-संध्याकाळ बदला. गाडी चालवताना एसी चालू ठेवूनच हवा गरमवर घ्या, काचांवरचं धुकंही जाईल. परफ्यूमची बाटली मात्र काढून टाका. तिच्या वासात ओल कुठून येते ते आमच्या नाकाला कळत नाही.