गेटवेची दुरुस्ती घुमटापासून सुरू करा

गेटवे ऑफ इंडियाच्या दुरुस्तीचा विषय निघाला की पहिली मागणी असते, दगड काळा पडलाय, धुऊन काढा. मला हा क्रम साफ चुकीचा वाटतो. धुणं सगळ्यात शेवटी. आधी घुमटातून आत उतरणारं पाणी थांबवा.

डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि राणी मेरी पालवा बंदरावर उतरले, त्याची ही आठवण. तेव्हा कमान नव्हतीच. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ ला बसला, वास्तुविशारद जॉर्ज विटेटचा आराखडा १९१४ मध्ये मंजूर झाला, मग कित्येक वर्षं भराव घालण्यात आणि समुद्राकडची भिंत बांधण्यात गेली. उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला, खर्च २१ लाख रुपये. समोर सरळ रस्ता काढायला पैसे उरले नाहीत, म्हणून कमान आजही रस्त्याला तिरकी दिसते. २८ फेब्रुवारी १९४८ ला सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री ही भारतातली शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून परत गेली. माझ्या लेखी या वास्तूचं मोल त्या दिवसामुळे जास्त आहे.

दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट म्हणजे बाहेरून दिसतो खारोडीचा पिवळसर दगड, पण त्याच्या जोडीला आरसीसी, म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट आहे. त्यामुळे ‘जुनी वास्तू आहे, सगळं चुन्यात करा’ हे इथे अर्धंच खरं. मार्च २०२३ मध्ये लोकसभेत जी माहिती दिली गेली तीही हेच सांगते: पृष्ठभागावर भेगा, काही ठिकाणी झाडं, आणि घुमटाचा वॉटरप्रूफिंगचा थर व काँक्रीट खराब.

खाऱ्या हवेतले क्लोराइड, म्हणजे मिठातले क्षार, पाण्याबरोबर काँक्रीटमध्ये शिरतात आणि सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटून पोपडे सुटतात. वरून सिमेंट थापलं तर ते थोड्याच पावसाळ्यांत निघून येतं. सैल काँक्रीट सळईच्या मागेही साधारण २० मिमी मोकळं होईपर्यंत काढावं लागतं. सळई घासून स्वच्छ करायची, तिचा गंजून किती भाग गेला ते मोजायचं, गरज असेल तिथे नवी सळई जोडायची, मगच भरायचं. क्लोराइड किती खोल गेलंय हे नमुने काढून तपासल्याशिवाय या कामाचं अंदाजपत्रक करणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

दगडाचं गणित वेगळं. दोन दगडांमधला सांधा दगडापेक्षा मऊ आणि ओल बाहेर सोडणारा हवा. तिथे सिमेंट भरलं की ओल दगडातून बाहेर पडते, मीठ पृष्ठभागाखाली स्फटिक धरतं आणि दगडाची कड पापुद्र्यासारखी सुटते. दगड झिजून मागे सरकलेला आणि सिमेंटची रेघ पुढे आलेली दिसली, की समजावं कुणीतरी घाई केली होती. असे सांधे ग्राइंडरने नव्हे, छिन्नीने उकरायचे, रुंदीच्या निदान दुप्पट खोल. मसाल्यात एक भाग हायड्रॉलिक चुना (पाण्याच्या संयोगाने घट्ट होणारा), अडीच-तीन भाग धुतलेली वाळू, खाडीची अजिबात नाही. भरण्याआधी सांधा ओला करायचा आणि नंतर आठवडाभर तरी ओलं गोणपाट लावून ठेवायचं. मुंबईच्या उन्हात हे चुकवलं तर मसाला भुगा होतो.

भेगांत उगवलेला पिंपळ वरून छाटणं म्हणजे त्याला फुटवे फोडायला लावणं. कोवळं रोप मुळासकट निघतं. जून झालेलं मूळ ओढलं तर दगड हलतो, म्हणून खोड कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावायचं, मूळ मेलं की काढता येईल तेवढं काढून पोकळीत पातळ चुना सोडायचा. आम्ल ओतू नका, दगड जळतो.

धुताना सँडब्लास्टिंग (वाळूचा मारा) आणि पाण्याचं जोरदार प्रेशर दोन्ही नको. मीठ काढायला डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कागदाचा लगदा बोटभर जाड लावून पूर्ण वाळू द्यायचा, काढून मीठ तपासायचं, गरजेप्रमाणे पुन्हा लावायचं. वेळखाऊ आहे, पण जाळीसारख्या नाजूक कामाला हाच मार्ग.

घुमटाचं काम झाल्यावर एक अख्खा पावसाळा आतून पाहणी हवी. ओल कुठे येते ते नकाशावर खुणा करून नोंदवा. ओलीची खूण उरली नाही, की मग धुण्यासाठी परांची बांधा.