पासपोर्ट सोडणाऱ्यांची किरकोळ कारणं

यंदा किती भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, हा प्रश्न संसदेत कुणी ना कुणी विचारतंच. 2022 चा आकडा होता 2,25,620 आणि 2023 चा 2,16,219. आकडा छापून आला की आपल्याकडे दोन दिवस धुरळा उडतो. एक गट म्हणतो, देशाच्या पैशावर शिकले आणि पळाले. दुसरा म्हणतो, एवढा कर भरून वाट्याला खड्डेच येणार असतील तर राहील कोण? कॅनडात बसून हे वाचताना मला दोन्ही बाजू जरा जास्तच उदात्त वाटतात. देशप्रेम काय, व्यवस्थेविरुद्धचं बंड काय! माझ्या ओळखीत ज्यांनी भारतीय पासपोर्ट परत केला, त्यांतल्या बऱ्याच जणांचं कारण त्यामानाने अगदीच किरकोळ होतं. पीआर कार्ड वेळेत रिन्यू होत नव्हतं.

पीआर म्हणजे कायमचा रहिवास. दर्जा कायमचा, पण तो दाखवणारं कार्ड साधारण पाच वर्षांचं. कार्डाची मुदत संपली म्हणून दर्जा जात नाही. नोकरी चालू राहते, घराचे हप्ते चालू राहतात, कर तर राहतोच राहतो. अडतं ते परतीच्या प्रवासात. कॅनडाकडे येणाऱ्या विमानात, रेल्वेत, बसमध्ये किंवा बोटीत चढायचं तर कार्ड चालू असावं लागतं. मुंबई विमानतळावर काउंटरवरचा मुलगा कार्ड उलटून तारीख बघतो. ती गेलेली असेल तर तुमचं घर कुठे आहे आणि मुलं कुठल्या शाळेत आहेत, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याचंही चुकत नाही. कागद नसलेला प्रवासी आणला तर भुर्दंड एअरलाइनला पडतो. खासगी गाडीने अमेरिकेच्या हद्दीतून आत या, असं सुचवणारे शहाणे प्रत्येक ग्रुपवर असतात. भारतीय पासपोर्टवर त्यासाठी आधी अमेरिकेचा व्हिसा लागतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

कार्ड संपायला नऊ महिन्यांहून कमी उरले की नव्याचा अर्ज करता येतो. मागच्या पाच वर्षांतली कॅनडाबाहेरची प्रत्येक खेप तारखेसकट लिहायची आणि किमान 730 दिवस इथे काढल्याचा हिशेब द्यायचा. अर्ज सरळ सुटला तर काही आठवड्यांत कार्ड टपालाने घरी येतं. पण फाइल एकदा जादा तपासणीच्या ढिगात गेली की महिनोन्‌महिने हलत नाही. का गेली, हे कुणी सांगत नाही. मग लोक 5 डॉलर भरून माहितीच्या कायद्याखाली आपल्याच फायलीवरची टिपणं मागवतात. आपल्याकडे 2005 पासून 10 रुपयांत चालतं, तेच. त्यानेही भागलं नाही की खासदाराचं ऑफिस. तिथल्या कर्मचाऱ्यांचा बराच वेळ इमिग्रेशनच्या तक्रारींतच जातो. रेशन कार्डासाठी नगरसेवकाच्या ऑफिसात ताटकळणाऱ्यांना आम्ही हसायचो. इथे इस्त्रीचा शर्ट घालून तेच करतो. शिवाय नगरसेवकाला निदान आमच्या मताची गरज असायची. पीआरवाल्याला इथे मतच नाही.

ओळखीतल्या एका बाईंची फाइल अशीच अडकली आणि तिकडे वडील आयसीयूत गेले. तातडीच्या अर्जाची सोय आहे, पण त्याला तिकीट हवं, कारणाचा पुरावा हवा, आणि एवढं देऊनही कार्ड वेळेत मिळेलच असं नाही. भावाने वॉर्डातूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवला. अक्षर लागेना. हॉस्पिटलच्या लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्का घेऊन पाठव, असं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "ताई, तू येणार आहेस की नाही तेवढं सांग." त्या मुदत संपलेल्या कार्डावरच निघाल्या; जायला कुणी अडवत नाही. परतण्यासाठी मात्र तिथून प्रवासाच्या वेगळ्या कागदाचा अर्ज करावा लागला आणि तो हातात येईपर्यंत बिनपगारी रजा वाढत गेली. परत आल्यावर त्यांनी नागरिकत्वाचा फॉर्म भरला. देशप्रेमाचं काय झालं, असं त्यांना विचारायची माझी तरी हिंमत झाली नाही.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. 1955 च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, आणि मग आपण ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं परदेशस्थ नागरिकाचं कार्ड, काढतो. त्यावर हवं तेव्हा भारतात जाता येतं, आणि कॅनडाच्या पासपोर्टवर परतताना कुणी अडवत नाही. म्हणजे भारतीय राहिलात तर आजारी बापाला भेटून परतायची खात्री नाही, आणि परदेशी झालात तर वाट मोकळी. त्या पासपोर्टची बडदास्तही वेगळी. 1 एप्रिल 2025 पासून कॅनडाने हमी दिली आहे, की पूर्ण भरलेला पासपोर्टचा अर्ज कामकाजाच्या 30 दिवसांत मार्गी लागला नाही तर फी परत. मतदाराची रांग आणि आमची रांग यांतला फरक इथे दिसतो. महाराष्ट्रात तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यात विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. ती किती वेळा वापरली जाते यावर गावाकडे वाद घालता येईल, पण कलम आहे.

तपासणी नकोच, असं मी म्हणणार नाही. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका इमिग्रेशन सल्लागाराला 2015 मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. परदेशात राहणाऱ्या गिऱ्हाइकांच्या पासपोर्टांत तो खोटे शिक्के मारून ते कॅनडात असल्याचं दाखवत होता. अशांमुळेच अधिकारी संशयी झाले. पण विमानाने देशाबाहेर जाणाऱ्यांची नोंद सरकार 2020 पासून स्वतःच घेतं. मग तारखा जुळवायला महिने कशाला? आणि लागतच असतील तर त्याचा भार अर्जदारावर का? अमेरिकेत ग्रीन कार्ड रिन्यू करायला टाकलं की पोचपावतीवरच जुन्या कार्डाची मुदत वाढते. ही वाढ 2022 मध्ये 24 महिने केली आणि 2024 मध्ये 36. म्हणजे आम्हाला उशीर होतो, हे तिथल्या सरकारने लेखीच दिलं म्हणायचं. पण तोवर माणूस ये-जा तरी करू शकतो. कॅनडाने एवढं उचललं तरी पुष्कळ.

तोवर आमच्या ग्रुपवरचे हिशेब चालूच आहेत. पाच वर्षांत 1095 दिवस भरले असतील तर कार्डाच्या भानगडीत पडूच नका, थेट नागरिकत्वाचा अर्ज टाका, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. पण त्या अर्जालाही वेळ लागतोच आणि शपथ होईपर्यंत परतीच्या विमानासाठी कार्ड लागतंच. म्हणून लोक दोन्ही फॉर्म भरतात, दोन्हीकडे फी भरतात आणि गावी कधी येणार या प्रश्नाला "बघू" म्हणतात.