तोंड पडलं की पाडलं?

"त्याचं तोंड पडलंय" आणि "त्याने तोंड पाडलंय" या दोन वाक्यांच्या क्रियापदांत फरक एका कान्याचा आहे. पहिल्यात त्याला काहीतरी झालंय. दुसऱ्यात तो काहीतरी करतोय, तेही मुद्दाम, आपल्याला दाखवायला. पहिलं वाक्य ऐकून आपण विचारतो, काय झालं रे? दुसरं ऐकलं की म्हणतो, पुरे झाली नाटकं.

मी ठाण्यात बालवाडीला शिकवते. सकाळी गेटवर आया मुलांना सोडतात तेव्हा मला रोज ऐकू येतं ते या दुसऱ्या प्रकारचंच वाक्य. "टीचर, बघा ना, उठल्यापासून तोंड फुगवून बसलाय." "हिला काही बोललं की लगेच नाक मुरडते." "एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा करून आलाय बघा." मूल तीन-साडेतीन वर्षांचं, आईचा हात धरून उभं, आणि त्याच्या तोंडावर ही वाक्यं मला सांगितली जातात. मला हे मनापासून खुपतं, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

त्या वयाच्या मुलाचा चेहरा एकदा नीट बघा. खालचा ओठ पुढे आलेला असतो, ओठांचे कोपरे खाली ओढलेले आणि हनुवटीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे. हनुवटीत मेंटालिस नावाचा स्नायू असतो. तो आक्रसला की खालचा ओठ वर आणि पुढे ढकलला जातो आणि कातडीवर हे खळगे पडतात. रडू फुटायच्या आधीही अगदी असंच होतं. गेटवर जे मूल 'तोंड फुगवून' उभं असतं, ते पुष्कळदा रडू आवरत असतं. दोन मिनिटं जवळ बसलं की कळतं. डब्यात नको असलेली भाजी असते, किंवा गावाहून आलेली आजी आदल्या रात्री परत गेलेली असते.

डार्विनने १८७२ साली भावमुद्रांवर एक अख्खा ग्रंथ लिहिला, त्यात फुरंगटलेल्या मुलांचं निरीक्षण आहे. ओठ असे पुढे काढणं जगात बहुतेक ठिकाणच्या मुलांत दिसतं आणि ओरांगउटान, चिंपांझींच्या पिल्लांत तर त्याहून ठळक दिसतं, असं तो नोंदवतो. इतकी जुनी आणि सगळ्यांची ही मुद्रा आहे. ती आमच्या घरातल्या पोराने काल टीव्ही बघून उचललेली नाही.

आपल्याकडेही चेहऱ्याकडे फार बारकाईने बघितलं गेलंय. भरताच्या नाट्यशास्त्रात नाकाची सहा, गालांची सहा आणि खालच्या ओठाची सहा कर्मं, म्हणजे हालचाली, दिली आहेत. गाल खोल गेलेले म्हणजे क्षाम, ते दुःखात. फुललेले म्हणजे फुल्ल, ते हर्षात. आधी अवयव काय करतो ते बघायचं, मग भाव ओळखायचा. गेटवर आपण भाव न ओळखताच निकाल देऊन मोकळे होतो.

आपल्या रोजच्या मराठीत शब्दांची वाण नाही. हिरमुसणं, खट्टू होणं, चेहरा उतरणं, गोरंमोरं होणं, तोंड एवढंसं होणं: हे सगळं माणसाला होतं, तो करत नाही. दुसरीकडे तोंड फुगवणं, तोंड वाकडं करणं, गाल फुगवणं, नाक मुरडणं, कपाळाला आठ्या घालणं. हे 'करण्याचे' शब्द, म्हणून यांत आरोप आहे. चेहरा सहसा पडतो, उतरतो, काळवंडतो, खुलतो. फुगवायचं आणि वाकडं करायचं असतं ते मात्र तोंड. आणि राग फारच आला तर थोबाड.

या दोन्हींच्या मधे रुसणं. माझा सगळ्यात आवडता शब्द. रुसायला समोर आपलं माणूस लागतं, परक्यावर कोणी रुसत नाही. आणि रुसणाऱ्याला माहीत असतं की कोणीतरी समजूत काढायला येणार आहे. रखुमाई रुसून दिंडीरवनात जाऊन बसली आणि देव तिला शोधत आला, ही पंढरपूरची कथा आपण किती प्रेमाने सांगतो. आजही तिचा गाभारा वेगळा आहे. 'रखुमाईने तोंड फुगवलं' असं म्हणायची कोणाची जीभ रेटेल?

पण घराघरांत हा मान सगळ्यांना सारखा मिळाला नाही. दिवाळसणाला जावई रुसायचा, मांडवात वरमाई रुसायची, आणि त्यांची मनधरणी करायला अख्खं घर धावायचं. सून 'रुसली' असं क्वचितच ऐकू येतं. ती फणकाऱ्याने निघून जाते, नाक मुरडते, तोंड फुगवून भांडी घासते. ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात ऐरोली-घणसोलीच्या मुली बोलत असतात: कामावरून घरी जाऊन पाच मिनिटं गप्प बसलं की "आली तोंड फुगवून". त्याच घरात नवरा तसाच गप्प येऊन बसला की "दमलाय तो, बोलू नका त्याच्याशी". चेहरा तोच, थकवा तोच, ट्रेन तीच. पुरुषासाठी फार तर 'घुम्या' म्हणतात, तेही स्वभाव आहे म्हणून सोडून देतात.

नव्या शब्दांवर माझा राग नाही. "अपसेट आहे", "मूड ऑफ आहे" यांत कोणावर ठपका नाही, खुशाल वापरा. पण "ॲटिट्यूड देते" हा शब्द मुलींच्या बाबतीत फार सहज निघायला लागलाय. तो मला जुन्या 'तोंड फुगवते'पेक्षाही वाईट वाटतो, कारण तोंड फुगवणारीला निदान "काय झालं?" विचारायची पद्धत होती. ॲटिट्यूड देणारीला कोणी काही विचारत नाही.

मुलं हे सगळं ऐकतात. "तू नेहमी तोंड पाडून बसतोस" हे रोज ऐकणारा मुलगा काही महिन्यांत खरंच चेहरा लपवायला शिकतो. मी वर्गात हे पाहिलंय. ओठ पुढे येणं थांबतं आणि सांगणंही थांबतं. मग पालकसभेत तेच आईबाप विचारतात की हा घरी काहीच का बोलत नाही.

माझ्या वर्गात मी एक पाळते. मुलाबद्दल त्याच्यासमोर बोलताना 'हिरमुसलाय', 'खट्टू झालीये' एवढंच म्हणायचं, आणि लगेच त्याच्या उंचीला बसून विचारायचं. तेच मदतनीस ताईंनाही सांगितलंय. त्या मूळच्या संगमेश्वरच्या, त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं, "आमच्यात फुरंगटलं म्हणतात, आणि फुरंगटलेल्याला आधी कडेवर घेतात." पुढच्या पालकसभेत मी हे सगळ्यांपुढे मांडणार आहे. ज्यांची मुलं माझ्या वर्गात आहेत, त्यांनी उद्या गेटवर एवढंच करा: मला सांगायच्या आधी त्याला विचारा.