ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्ब नाही, आणि ते केस-नखं उंदरांनी खाल्ली होती

परवा ताईने एक मेसेज फॉरवर्ड केला आणि खाली विचारलं, "हे खरं आहे ना रे? शाळेच्या प्रोजेक्टमध्ये घालतोय हा." हा म्हणजे माझा भाचा, नववीत आहे. मेसेज तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: ब्रह्मास्त्र म्हणजे अणुबॉम्बच, कुरुक्षेत्रावर तो फुटला, महाभारतात त्याचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णन आहे, मोहेंजोदडोला रेडिएशनने मेलेल्यांचे सांगाडे सापडले, लोणारचं विवर त्याच स्फोटाचं, आणि अणुबॉम्ब बनवणाऱ्या ओपनहायमर या शास्त्रज्ञाने हे सगळं मान्य केलं. खाली "अभिमान असेल तर पुढे पाठवा". मुलगा मार्कांसाठी हे लिहून देणार म्हटल्यावर मला राहवेना, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी तो उतारा, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. गुरखा नावाचा कोणीतरी विमानातून एकच अस्त्र टाकतो, दहा हजार सूर्यांसारखा प्रकाश, धुराचा खांब, वृष्णी आणि अंधक या यादव कुळांची राख, मग केस आणि नखं गळून पडतात, मडकी आपोआप फुटतात, पक्षी पांढरे पडतात, अन्न विषारी होतं. गुरखा नावाचं पात्र महाभारतात नाहीच. पण बाकीचे तुकडे कुठून आले ते सापडतं, आणि तेच मला जास्त संतापजनक वाटतं, कारण कोणीतरी मूळ ग्रंथ समोर ठेवून कात्री चालवली आहे. महाभारतातलं मौसलपर्व काढा. किसारी मोहन गांगुलींचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट आहे, सुरुवातीचे दोन-तीन अध्याय वाचायला अर्धा तास पुरतो.

गोष्ट आपल्याला लहानपणापासून माहीत असलेली. यादवांची पोरं कृष्णाचा मुलगा सांब याला बाईचा वेष देऊन ऋषींपुढे नेतात आणि विचारतात हिला काय होईल, ऋषी चिडून शाप देतात की लोखंडी मुसळ होईल आणि त्याने तुमचं कुळ संपेल. तसं मुसळ जन्माला येतं, यमदूतासारखं भयंकर, म्हणजे उताऱ्यातला तो "मृत्यूचा दूत" हा. राजा त्याचं चूर्ण करून समुद्रात टाकायला लावतो, दारू गाळायला बंदी घालतो. मग द्वारकेत अपशकुन सुरू होतात. रस्त्यांवर उंदीर माजतात, मडक्यांना कारण नसताना तडे जातात, आणि रात्री झोपलेल्या माणसांचे केस आणि नखं उंदीर कुरतडून खातात. उंदीर! मेसेजवाल्याने उंदीर काढून टाकले आणि केस-नखं तेवढी ठेवली, की वाचणाऱ्याला हिरोशिमा आठवावं. पांढरे पक्षी म्हणजे फिकट रंगाचे, लाल पायांचे, काळाने पाठवलेले पक्षी, तोही अपशकुनच. अन्नाचं म्हणाल तर नीट शिजवलेलं अन्न वाढल्यावर त्यात किडे दिसतात.

आणि हे सगळं युद्धानंतर छत्तिसाव्या वर्षी, द्वारकेत, एकही अस्त्र न सुटता. शेवटी यादव मरतात ते प्रभासला. दारू पिऊन सात्यकी आणि कृतवर्मा हे दोन यादव वीर भांडतात, झोपलेल्यांना मारलंस म्हणून सात्यकी टोमणा मारतो, आणि मग हाताला येईल ते एरका गवत उपटून एकमेकांना मारत सुटतात, त्या गवताचंच मुसळ होतं. व्यासांनी एवढं भयंकर लिहून ठेवलंय, की बाहेरचा शत्रू लागलाच नाही, आपापसात संपले, आणि आपण त्यातून काय उचललं तर बॉम्ब.

लोणार आपलं, बुलढाण्यातलं, म्हणून त्याचं जास्त वाईट वाटतं. ते उल्कापाताचं विवर आहे, बसाल्ट खडकातलं, साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं. प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडली आणि १९७३ मध्येच त्यावर शोधनिबंध आला. वयाबद्दल वाद आहे, एका पद्धतीने सुमारे ५० हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीने साडेपाच लाखांच्या वर. मेसेजमध्येच महाभारत पाच हजार वर्षांपूर्वीचं म्हटलंय, मग हिशोब कसा जुळवायचा? अमेरिकेने १९६२ मध्ये १०४ किलोटनचा बॉम्ब जमिनीत पुरून फोडला तेव्हा पडलेला खड्डाही चारशे मीटरच्या आतबाहेरच होता.

मोहेंजोदडोवर फार वेळ घालवत नाही. जॉर्ज डेल्स या पुरातत्त्वज्ञाने १९६४ मध्येच दाखवून दिलं की ते मोजके सांगाडे एकाच वेळचे नाहीतच, एका दिवसात शहर मेलं ही कथाच खोटी आहे. आणि तिथल्या विटांच्या भिंती आजही माणसाच्या डोक्यावर उंच उभ्या आहेत.

ओपनहायमरचं अर्धं खरं आहे, ते मान्य करावं लागेल. तो बर्कलीला संस्कृत शिकला होता, गीता मुळातून वाचायचा, आणि १९४५ च्या चाचणीबद्दल बोलताना त्याने अकराव्या अध्यायातली "कालोऽस्मि" (मी काळ आहे) ची ओळ सांगितली. पण तो अध्याय विश्वरूपदर्शनाचा आहे, त्यात कुठलंही अस्त्र सुटत नाही. त्याला स्वतःच्या कामाची भीती वाटली तेव्हा गीता आठवली, बॉम्ब गीतेत सापडला असं तो म्हणाला नाही.

आता खुद्द ब्रह्मास्त्र. इथेही एक गोष्ट कबूल करतो. सौप्तिकपर्वात व्यास म्हणतात की जिथे ब्रह्मशिर (ब्रह्मास्त्राचंच उग्र रूप) दुसऱ्या श्रेष्ठ अस्त्राने अडवलं जातं तिथे बारा वर्षं पाऊस पडत नाही, आणि अश्वत्थामा ते अस्त्र शेवटी पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर सोडतो. हे वाचताना आजच्या माणसाला बॉम्ब आठवला तर त्यात नवल नाही. पण पुढचं-मागचं वाचा की! अश्वत्थामा ते गवताच्या काडीवर मंत्र म्हणून सोडतो. रामायणात सीतेला टोचणाऱ्या कावळ्यावर राम दर्भाची काडी ब्रह्मास्त्राने मंत्रून सोडतो, आणि शरण आल्यावर त्या कावळ्याचा फक्त उजवा डोळा जातो. इंद्रजित हनुमानाला ब्रह्मास्त्राने बांधतो, राक्षस वरून दोरखंड आवळतात आणि अस्त्र सुटतं, कारण त्याला दुसरं बंधन चालत नाही. असा कुठला अणुबॉम्ब आहे?

आणि सगळ्यात मोठं म्हणजे ही अस्त्रं परत घेता येतात, पण कोणालाही नाही. अश्वत्थाम्याचं अस्त्र अडवायला अर्जुन आपलं सोडतो, तेव्हाच आधी गुरुपुत्राचं, म्हणजे अश्वत्थाम्याचंच, भलं होवो म्हणतो, मग स्वतःचं आणि भावांचं, आणि व्यास-नारद मध्ये उभे राहिल्यावर परत घेतो. ज्याने ब्रह्मचर्याचं व्रत पाळलेलं नाही त्याने परत घ्यायचा प्रयत्न केला तर ते त्याचंच डोकं उडवतं. अश्वत्थाम्याला ते जमत नाही. द्रोणांनी त्याला माणसांवर सोडू नकोस म्हणून बजावलं होतं, आणि तरी हाव इतकी की द्वारकेला जाऊन कृष्णाचं चक्र मागितलं, डाव्या हाताने उचलेना, उजव्यानेही उचलेना.

वनपर्वात तर स्वर्गातून अस्त्रं घेऊन आलेल्या अर्जुनाला युधिष्ठिर म्हणतो, दाखव बघू. तो दाखवायला लागतो, पृथ्वी हादरते, आणि नारद येऊन थांबवतात: लक्ष्य नसताना अस्त्र वापरायचं नाही, आणि लक्ष्य असलं तरी संकटात सापडल्याशिवाय नाही. नुसतं दाखवायलासुद्धा परवानगी नाही. ताईला मी हेच अध्याय पाठवलेत, प्रोजेक्ट यावर कर म्हणावं त्याला. अभिमान वाटावा असं हे इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना मेसेजमध्ये त्याची एक ओळसुद्धा नाही, माझा राग त्याचा आहे.