शू! असं बोलू नये

माझी लेक तेव्हा पाच वर्षांची होती. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलो होतो. समोरच्या बाईंच्या हातांवर आणि ओठांभोवती कोडाचे पांढरे डाग होते. लेकीने खणखणीत आवाजात विचारलं, "आई, त्या मावशींचा रंग कुठे गेला?" सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. मी तिचा हात दाबला, "शू! असं बोलू नये."

बाहेर पडल्यावर ती हळूच म्हणाली, "मावशींनी काही वाईट केलंय का?"

ही शंका तिच्या डोक्यात घातली ती माझ्या त्या 'शू'ने. खरं उत्तर दोन वाक्यांचं होतं: त्वचेला रंग देणाऱ्या पेशी त्या जागी उरलेल्या नाहीत. हात लावल्याने कोड कुणाला होत नाही. संपलं!

"सगळी माणसं सारखीच" हे वाक्यही मी आता पोरांसमोर म्हणत नाही. त्यांना डोळे आहेत. कुणी चाकांच्या खुर्चीतून फिरतं, कुणी हातांच्या खुणांनी बोलतं, कुणाची प्रार्थना वेगळी, हे त्यांना दिसतंच. त्यावरून उजवं-डावं ठरवायला मात्र ती आपल्याकडून शिकतात.

रेबेका बिगलर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. मुलांना निळे आणि पिवळे टी-शर्ट दिले. काही वर्गांत शिक्षक मुलांना त्या रंगांवरून हाक मारायचे, रांगा लावायचे. बाकीच्या वर्गांत टी-शर्ट तेच, पण रंगाचा उल्लेखच नाही. आपल्या रंगाची मुलं जास्त चांगली असं मुलांना वाटू लागलं ते पहिल्या वर्गांत. शिक्षकांनी कुठल्याच रंगाला नावं ठेवली नव्हती, नुसती विभागणी केली होती. आणि आपण? फोनवर "ती लोकं तसलीच" म्हणतो, पोरगं शेजारी चित्र रंगवत असतं.

'बिचारा' या शब्दाचाही मला राग आहे. अडखळत बोलणाऱ्या मुलाला दया नको असते. त्याचं वाक्य त्याला पुरं करू द्यावं, एवढंच.

त्या बाई परवा पुन्हा दिसल्या. लेक आता सात वर्षांची, आवाज तोच. "मावशी, तुमचं दुखतं का हो?"

"नाही गं," त्या म्हणाल्या आणि सरकून तिला शेजारी जागा दिली.

मी गप्प बसले खरी, पण कान तापले होतेच.